पुलाच्या पाइलची लॅटरल टेस्ट: हिशेबाच्या कागदापासून खड्डा बुजवेपर्यंत

पाइलची, म्हणजे पुलाच्या पायाखाली जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबाची, उभी लोड टेस्ट असली की साइटवर जत्रा भरते. काँक्रीटच्या ठोकळ्यांचा डोंगर, शेजारी क्रेन, फोटो काढणारे साहेब. लॅटरल टेस्टच्या, म्हणजे पाइल आडवी ढकलून बघण्याच्या, वाट्याला यातले काही येत नाही. घोटाभर चिखलाच्या खड्ड्यात दोन पाइलांच्या मध्ये आडवा पडलेला जॅक, काठावर हातपंप, पाइलच्या मागे सरक मोजणारी दोन-चार डायल गेज आणि छत्री धरून बसलेला एक ज्युनिअर इंजिनिअर, एवढाच थाट. त्यामुळे ही टेस्ट ‘जेवणाच्या सुट्टीआधी उरकून टाका’ या यादीत जाते.

माझा अनुभव असा, की चुकायला जास्त जागा इथेच आहे. उभ्या टेस्टला शेकडो टन लागतात. इथे भार दहा-वीस टनांचा आणि निकाल पाच मिलिमीटरांवर ठरतो. त्या पाच मिलिमीटरांत सकाळचे ऊन, भरतीचे पाणी, ढिला बसलेला मॅग्नेटिक बेस आणि गेज ज्यावर बसवतात त्या डेटम बारवर कुणाचा तरी टेकलेला पाय हे सगळे मिसळलेले असते. शिवाय हाती येणारा आकडा ‘पाइलची ताकद’ नसतोच. त्या दिवशी, त्या पातळीवर, डोके मोकळे असताना वरच्या काही मीटर मातीने किती साथ दिली, एवढेच तो सांगतो. हे ध्यानात ठेवले की पुढच्या पायऱ्यांचे कारण आपोआप कळते.

पुलाला आडवे ढकलते कोण

डिझायनरकडून लॅटरल लोडचा आकडा येतो. तो कशातून आला हे साइटवरच्या माणसालाही माहीत असावे. आयआरसी:६ या पुलांवरच्या भारांच्या भारतीय मानकाप्रमाणे गाड्यांच्या ब्रेकचा जोर धरताना पहिल्या वाहनमालेच्या वजनाचे २० टक्के घेतात. पाण्याच्या दाबाचे सूत्र साधे आहे: ५२ गुणिले खांबाच्या आकाराचा गुणांक गुणिले वेगाचा वर्ग, उत्तर किलो प्रति चौरस मीटर. गोल खांबाचा गुणांक ०.६६, चौकोनी तोंडाच्या खांबाचा १.५. पुराचा सरासरी वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर पृष्ठभागाजवळ वेगाचा वर्ग दुप्पट धरायचा, म्हणजे १८. गोल खांबावर दर चौरस मीटरला सुमारे ६१८ किलो येतात, चौकोनी तोंडावर १,४०४. नदीतले खांब गोल किंवा गोल तोंडाचे का असतात, याचे अर्धे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

याशिवाय वारा, भूकंप, अॅबटमेंटमागच्या भरावाचा रेटा, तापमानाने लांब-आखूड होणारा डेक बेअरिंगमधून देतो तो धक्का, आणि खाडीत बार्ज आदळण्याची शक्यता. हे सगळे पाइल कॅपमधून, म्हणजे पाइलांची डोकी एकत्र बांधणाऱ्या जाड काँक्रीटमधून, पाइलांच्या डोक्यावर येते.

आधी कागदावर अंदाज काढा

अंदाज न काढता टेस्टला उभे राहू नका. मधेच गेज भलतेच दाखवायला लागले, तर माती तशी आहे की गेज सरकले आहे हे ओळखायला तुमच्याकडे दुसरे काही नसते. यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, कॅल्क्युलेटर पुरतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत वापरू. पाइल १.२ मीटर व्यासाची, काँक्रीट एम३५, माती पाण्याखालची मध्यम घट्ट वाळू. एम३५ चा स्थितिस्थापकता गुणांक ५,००० गुणिले ३५ चे वर्गमूळ, म्हणजे जवळपास २९,६०० मेगापास्कल. गोल छेदाचा जडत्वाघूर्ण ०.१०१८, एकक मीटरचा चौथा घात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे पाइलचा वाकण्याविरुद्धचा ताठपणा: सुमारे ३०.१ लाख किलोन्यूटन-चौरस मीटर.

आता माती. आयएस २९११ या पाइलांच्या भारतीय मानकाच्या भाग १ मध्ये, विभाग २ च्या परिशिष्टात, वाळूसाठी एक तक्ता आहे. एसपीटीचा (बोअरहोलमध्ये हातोड्याचे ठोके मोजून मातीचा घट्टपणा ठरवतात ती चाचणी) आकडा १० ते ३५ आणि माती पाण्याखाली असेल, तर मातीचा अंक, म्हणजे खोलीबरोबर मातीचा आडवा प्रतिकार किती वाढतो त्याचे माप, प्रति घनमीटर १,४०० ते ५,००० किलोन्यूटन. आपण ३,००० धरू. ताठपणाला या अंकाने भागा आणि पाचवे मूळ काढा. उत्तर जवळपास ४ मीटर येते. याला स्टिफनेस फॅक्टर म्हणतात, साइटवर नुसते ‘टी’. घट्ट, जुन्या दाबाखाली बसलेल्या चिकणमातीत पाचव्याऐवजी चौथे मूळ घ्यायचे असते आणि त्या मापाला ‘आर’ म्हणतात.

पाइल मातीत चार ‘टी’पेक्षा जास्त खोल गेली असेल, इथे १६ मीटर, तर ती ‘लांब’ पाइल. तिचे खालचे टोक आडव्या भाराला ओळखतही नाही. पाइल २५ मीटरची असो की ४० मीटरची, लॅटरल टेस्टचा निकाल बदलत नाही. ‘आमची पाइल खडकात तीन मीटर सॉकेट आहे, लॅटरलची चिंता कशाला’ असे म्हणणारे अनेक भेटतात. खडक खाली आहे, आडवा भार वर लागतो. मधल्या मऊ गाळाला सॉकेटची काय खबर?

मोकळ्या डोक्याच्या लांब पाइलसाठी रीझ आणि मॅटलॉक या संशोधकांनी काढलेला गुणांक २.४३५ आहे. डोक्याची सरक म्हणजे २.४३५ गुणिले भार गुणिले ‘टी’चा घन, भागिले ताठपणा. ५ मिमी सरकेला यातून सुमारे ९८ किलोन्यूटन मिळतात. म्हणजे १० टन. १२ मिमीला सरळ रेषेत सुमारे २४ टन. हा अंदाज पेन्सिलने रीडिंग शीटच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

कोणती पाइल, कोणत्या पातळीवर

इनिशियल टेस्ट पुलात न वापरायच्या पाइलवर होते, त्यामुळे ती बिघडली तरी चालते. रूटीन टेस्ट कामाच्या पाइलवर होते आणि तिथे हात आखडता ठेवावा लागतो. वरच्या उदाहरणात १२ मिमीपर्यंत पाइल ढकलली, तर तिच्यात जास्तीत जास्त वाकणूक ०.७७२ गुणिले भार गुणिले ‘टी’ इतकी, म्हणजे सुमारे ७२० किलोन्यूटन-मीटर होते. एम३५ च्या १.२ मीटर व्यासाच्या छेदाला, वरून उभा भार नसताना, पहिली तडक जाते साधारण ७०० ला. म्हणजे १२ मिमीच्या आसपास पाइलच तडकायला लागते, तेही जमिनीखाली चार-पाच मीटरवर, जिथे कुणाला दिसणार नाही. कामाच्या पाइलवर ड्रॉइंगमधली टेस्ट लोडची मर्यादा ओलांडायची नाही ती यासाठी.

जागा निवडताना बोअरहोलचा लॉग हातात घ्या आणि फक्त वरचे आठ-दहा मीटर वाचा. सगळ्यात मऊ वरचा थर जिथे आहे तिथली पाइल निवडा. उभ्या टेस्टसाठी निवडलेली पाइल लॅटरलसाठी आपोआप योग्य ठरत नाही. आमच्या कोकणातल्या खाड्यांत एका काठाला मुरमाचा भराव आणि शंभर मीटरवर पाय रुतणारा गाळ, असे सर्रास दिसते. भरावातल्या पाइलवर टेस्ट केली की आकडा झकास येतो. उपयोग मात्र शून्य.

पातळीचा प्रश्न त्याहून मोठा. टेस्ट शक्यतो कट-ऑफ लेव्हलवरच करा, म्हणजे पाइलचे डोके तोडून जिथून कॅप सुरू होते त्या पातळीवर. कट-ऑफ खोल असेल आणि इनिशियल टेस्टला तिथपर्यंत खोदणे शक्य नसेल, तर वरच्या पातळीवर टेस्ट करून निकाल हिशेबाने खाली न्यायची मुभा मानकात आहे. पण ती मुभा घेतली तर हिशेब खरोखर करा. नुसता आकडा उचलून कट-ऑफवर चिकटवू नका.

खड्डा आणि पाइलचे डोके

काँक्रीटला २८ दिवस होऊ द्या किंवा क्यूबचा निकाल हाती असू द्या. आधी इंटिग्रिटी टेस्ट, म्हणजे पाइल आतून सलग आहे का ते बघणारी चाचणी, करून घ्या. वरच्या चार मीटरांत गळा आवळलेली पाइल असेल, तर लॅटरल टेस्टमध्ये तुम्ही मातीला उगाच दोष द्याल.

खोदताना पोकलेनचा बकेट पाइलच्या ज्या बाजूला माती दाबली जाणार आहे त्या बाजूला लावू देऊ नका. दोन पाइल एकमेकींपासून दूर ढकलायच्या असतील, तर ही बाजू बाहेरची. शेवटचा अर्धा मीटर फावड्याने काढा. जास्त खोदले गेले म्हणून मुरूम टाकून ठोकून सारखे केले, तर तुम्ही नदीतली माती तपासत नाही, तुमचा मुरूम तपासता.

खड्ड्याची भिंत पाइलच्या अगदी तोंडाशी ठेवू नका. पुढची माती कट-ऑफच्या पातळीला बऱ्यापैकी लांबवर सपाट हवी. नाहीतर मागच्या उभ्या भिंतीचे वजन मातीला जास्तीचा आधार देते आणि आकडा फुगतो. मी तीन व्यास तरी सोडतो. पाणी उपसायचे असेल तर संप (पाणी गोळा करायचा खळगा) खड्ड्याच्या जॅकच्या बाजूला, मधोमध ठेवा. दाबल्या जाणाऱ्या बाजूला पाणी खेचले की वाळू सैल होते.

लायनर, म्हणजे पाइलभोवतीचा नळा, राहिला आहे का तेही बघा. तात्पुरता म्हणून टाकलेला स्टीलचा लायनर टेस्ट पाइलवर तसाच राहिला आणि कामाच्या पाइलवर असणार नसेल, तर टेस्ट पाइल जास्त ताठ आहे. तसे अहवालात लिहा.

ब्रेकरने डोके फोडल्यावर जॅक जिथे टेकणार तिथे कमीत कमी जॅकच्या प्लेटएवढा सपाट, उभा चेहरा तयार करा. गोल पाइलवर सपाट प्लेट टेकवली की ती एका रेषेवर टेकते. मागे नॉन-श्रिंक ग्राउट भरा किंवा वक्र खोगीर बनवून घ्या.

जॅकची रचना

सर्वात सोपी पद्धत म्हणजे दोन पाइलांच्या मध्ये जॅक. एका भारात दोन पाइल तपासल्या जातात. जॅक जेवढा जोर लावतो तेवढा पूर्ण प्रत्येक पाइलने घेतला असे धरायचे. अर्धा-अर्धा करायचा नाही. दर वर्षी कुणीतरी नवा इंजिनिअर निम्मा लिहितोच, म्हणून सांगितले. पाइल एकमेकींपासून दूर ढकलणे चांगले, कारण दाबली जाणारी माती दोघींच्या बाहेरच्या बाजूंना असते आणि एकीने ढकललेली मातीची पाचर दुसरीच्या पाचरीत घुसत नाही. दोरखंडाने किंवा रॉडने एकमेकींकडे ओढायची पद्धतही असते. त्यात मधली माती दोघी मिळून दाबतात आणि पाइल जवळ असतील तर निकाल गढूळ होतो.

पाइल ३.६ मीटर अंतराने असतील तर मधे २.४ मीटरची मोकळी जागा उरते. जॅक तेवढा लांब नसतो, म्हणून बॉक्स सेक्शनचा किंवा दोन आयएसएमबी (स्टीलच्या आय-आकाराच्या तुळया) जोडलेला स्ट्रट लागतो. स्ट्रट, जॅक, लोड सेल आणि अर्धगोल सीट एका सरळ रेषेत हवेत. ही रेषा पाइलच्या मध्यातून गेली पाहिजे; दोरी ताणून बघा. लाकडी ठोकळे फक्त स्ट्रटचे वजन धरायला, भार घ्यायला नाही. स्ट्रटला वरून सैल साखळी बांधा. आडव्या भाराखालचा स्ट्रट निसटला की नुसता खाली न पडता कुठेही उडतो, आणि ते बघायला खड्ड्यात कुणी असता कामा नये.

जॅकची उंची कट-ऑफच्या जितकी जवळ तितकी बरी. आपल्या उदाहरणात जॅक ४० सेंमी वर गेला तर जमिनीपाशीची सरक सुमारे ७ टक्के वाढते. दीड मीटर वर गेला तर २५ टक्के. उंची टेपने मोजून लिहा. नंतर फोटोवरून काढता येत नाही.

आता जॅकच्या आकाराची गोष्ट. एका कामावर उभ्या टेस्टसाठी आलेला मोठा जॅक ‘आहेच तर वापरू’ म्हणून लॅटरलला लावला होता. रॅमचा व्यास २५ सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ ४९१ चौरस सेंटिमीटर. पायरी २ टनांची. एका पायरीला दाब लागतो प्रति चौरस सेंटिमीटर ४ किलो. आणि प्रेशर गेज ७०० चे, एक रेघ १० किलोची. म्हणजे अर्ध्या रेघेपेक्षा कमी! पंप मारणारा मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, काटा हललाय असं वाटतंय.’ त्या ‘वाटतंय’वर अख्खी टेस्ट झाली आणि पुन्हा करावी लागली. १० सेंमी व्यासाचा रॅम घेतला असता तर तीच पायरी २५ किलो आली असती, अडीच रेघा. म्हणून जॅक लहान घ्या, गेजची रेंज बघून घ्या, आणि शक्य असेल तिथे लोड सेल लावाच. जॅक आणि गेज यांचे कॅलिब्रेशन जोडीने झालेले हवे. सर्टिफिकेट टेस्टच्या आदल्या दिवशी मागवायचे नसते.

डेटम बार: टेस्टचा प्राण

एक निकष ध्यानात ठेवा: सरकण्याचा वेग ३० मिनिटांत ०.१ मिमीच्या जवळ आला की पुढची पायरी. आता तुमचा डेटम बार ४ मीटर लांब आहे, लोडच्या दिशेत ठेवला आहे, आणि सकाळी ९ ते १२ मध्ये त्याचे तापमान १५ अंशांनी वाढले. स्टील दर अंशाला लांबीच्या लाखाव्या हिश्श्याच्या सव्वापट वाढते. बार जवळपास ०.७ मिमी लांब होतो. पाइल हलली नाही तरी गेज हलेल, आणि तुम्ही तासभर ‘माती अजून सरकतेय’ म्हणून वाट बघाल.

उपाय साधे आहेत. बार लोडच्या दिशेला काटकोनात ठेवा. एक टोक बोल्टने घट्ट, दुसरे नुसते टेकलेले. वर पांढरे ताडपत्रीचे छप्पर घाला आणि ते बारला कुठेही शिवू देऊ नका. बारचे पाय पाइलपासून तीन व्यास, कमीत कमी दीड मीटर दूर. उभ्या टेस्टचा हा नियम इथेही पाळा. १.२ मीटरच्या पाइलला दोन्हीकडे साडेतीन-चार मीटर सोडले की बारची लांबी आठ-नऊ मीटर होते. पातळ अँगल एवढ्या लांबीत वाऱ्याने थरथरतो. मी आयएसएमबीच घेतो. पाय जमिनीत ठोका, नुसते चिखलावर ठेवू नका. लोकांना चालायला फळी वेगळी टाका, नाहीतर प्रत्येक जण खड्ड्यात उतरताना त्याच बारला धरतो.

खाडीत आणखी एक भानगड: भरती-ओहोटी. बार्जवर किंवा तरत्या प्लॅटफॉर्मवर डेटम उभा करण्याचा विचारही करू नका. लायनरला वेल्ड केलेला डेटम असेल, तर तो लायनर टेस्टच्या पाइलपासून दूरचा आणि स्वतंत्र हवा. टेस्टची वेळ भरतीचा तक्ता बघून ठरवा, आणि सुरुवातीला भार न लावता एक-दोन तास नुसती रीडिंग घ्या. या वेळेत गेज किती भटकते ते तुमच्या मोजमापाची खरी अचूकता. ही पायरी कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये ठळक लिहिलेली मी पाहिली नाही, आणि माझ्या मते हीच सर्वात उपयोगी.

गेज ०.०१ मिमीचे. कट-ऑफपर्यंत हात पोहोचत असेल, तर जॅकच्या बरोबर विरुद्ध बाजूला एक गेज सरळ सरक मोजते. पोहोचत नसेल तर दोन गेज एकावर एक, ३० सेंमी अंतराने, आणि कट-ऑफची सरक सरूप त्रिकोणांनी. समजा खालचे गेज कट-ऑफच्या २० सेंमी वर आहे आणि ५.८ मिमी दाखवते, वरचे ६.४ मिमी. ३० सेंमीत ०.६ चा फरक, २० सेंमीत ०.४. कट-ऑफवर सरक ५.४ मिमी. गेजची टोके खडबडीत काँक्रीटवर टेकवू नका. चिपिंग करून दोन-तीन सेंमीचा काचेचा चौकोनी तुकडा अॅरलडाइटने चिकटवा आणि टोक काचेच्या मध्यावर टेकवा. मी बाजूला एक आडवे गेजही लावतो. ते हलले की भार वाकडा लागतोय.

पैसे असतील तर पाइलमध्ये आधीच इनक्लिनोमीटरची (कल मोजणाऱ्या उपकरणाची) नळी आणि सळयांवर ताण मोजणारे स्ट्रेन गेज बसवा. डोक्याच्या एका आकड्याऐवजी पाइल खोलवर कशी वाकते तो पूर्ण वक्र मिळतो. टेक्सासमधल्या मस्टँग आयलंडवर १९६६ मध्ये ६१० मिमी व्यासाच्या स्टील पाइलवर अशीच उपकरणे लावून टेस्ट झाल्या, आणि वाळूसाठी आजही सॉफ्टवेअरमध्ये वापरले जाणारे पी-वाय वक्र (किती सरकेला माती किती प्रतिकार करते ते दाखवणारे) तिथून आले.

भार लावणे

हा भाग लेखात लहान आहे, कारण तयारी नीट असेल तर करायला फारसे उरत नाही. अंदाजित सुरक्षित भाराच्या सुमारे २० टक्क्यांची पायरी, आपल्या उदाहरणात २ टन. प्रत्येक पायरीला लगेच, मग ५, १०, १५, ३० मिनिटांनी रीडिंग; वेग ०.१ मिमी प्रति ३० मिनिटांजवळ आला की पुढे. भार धरून ठेवायला एक माणूस फक्त पंपावर. पाइल सरकली की दाब पडतो, आणि पडलेला दाब तसाच ठेवला तर सरक थांबल्यासारखी दिसते.

दोन्ही पाइलांचा आलेख टेस्ट चालू असतानाच काढत जा, ग्राफ पेपरवर, पेन्सिलने. एक बिंदू रेषेबाहेर पडला की तिथल्या तिथे कारण शोधा. पुढचा भार लावल्यावर ते कारण पुरले जाते. उतरवतानाही पायऱ्यांनी उतरवा आणि शून्यावर आल्यानंतर किती सरक शिल्लक राहिली ते मोजा. चिकणमातीत पाइलच्या मागे फट पडलेली दिसते. ती टेपने मोजून फोटो काढा, फुकटची माहिती आहे.

क्लायंट, कन्सल्टंट आणि ठेकेदार यांचे जॉइंट रीडिंग प्रत्येक पायरीला सहीनिशी. संध्याकाळी एकदम सह्या घ्यायची सवय साइटवर आहे, ती मोडा.

आकडा वाचणे

आयएस २९११ भाग ४ प्रमाणे सुरक्षित लॅटरल भार तीनपैकी सर्वात लहान: एकूण सरक १२ मिमी झाली त्या भाराचे निम्मे, सरक ५ मिमी झाली तो भार, किंवा डिझायनरने दिलेल्या दुसऱ्या कुठल्या सरकेचा भार. सरक कट-ऑफ लेव्हलची. पुलांच्या ड्रॉइंगवर तिसरा निकष कधी मिलिमीटरमध्ये, कधी व्यासाच्या टक्क्यात असतो. तो टेस्टच्या आधी लेखी घ्या, नंतर वाद होतो.

उदाहरणात रेषा सरळ असती तर ५ मिमीला १० टन आणि १२ मिमीचे निम्मे १२ टन. खरा वक्र वाकतो, त्यामुळे दोन्ही उत्तरे जवळ येतात आणि कधी पहिला निकष ठरवतो. पण हा आकडा अजून पुलाचा नाही.

पहिली गोष्ट, डोके. टेस्टमध्ये पाइलचे डोके मोकळे फिरते, पुलात ते जाड कॅपमध्ये अडकलेले असते. अडकलेल्या डोक्यासाठी २.४३५ च्या जागी ०.९३ येतो. त्याच मातीत, त्याच ५ मिमीला १० ऐवजी २६ टन, म्हणजे २.६ पट. टेस्टमध्ये १० टन आले आणि डिझाइनला १८ हवेत, म्हणून पाइल नापास, असे घाईने लिहू नका. उलटही खरे: अडकलेल्या डोक्यामुळे सर्वात जास्त वाकणूक कॅपच्या तळाशी येते, तिथल्या सळया तेवढ्या हव्यात.

म्हणून टेस्टमधून सरळ भार न उचलता मातीचा अंक उलट काढणे हेच शहाणपणाचे. समजा १०० किलोन्यूटनला ३.६ मिमी सरक आली. सूत्र उलटवले की ‘टी’ ३.५४ मीटर, आणि मातीचा अंक सुमारे ५,४००. आपण धरले होते ३,०००. हाच नवा अंक घेऊन अडकलेल्या डोक्याचा, कॅपच्या पातळीचा, खऱ्या स्कवरचा (पुराने तळ खरवडला जाण्याचा) हिशेब पुन्हा करा. एक सावधगिरी: सरक मातीच्या अंकाच्या ०.६ व्या घाताने बदलते. मातीचा ताठपणा दुप्पट झाला तरी सरक फक्त तिसऱ्या हिश्श्याने कमी होते. उलट वाचले, तर सरकेतली छोटी चूक मातीच्या अंकात मोठी होऊन बसते. डेटम बारवर मी एवढा वेळ का घालवला, ते इथे कळते.

दुसरी गोष्ट, स्कवर. टेस्ट कोरड्या दिवसांत, भरलेल्या तळावर होते. पुरात खांबाभोवतीचा तळ लेसीच्या सूत्राने आलेल्या सरासरी खोलीच्या दुप्पटीपर्यंत खरवडला जाईल असे धरतात. आपल्या पाइलभोवतीची ६ मीटर माती गेली, तर मोकळ्या डोक्याची सरक त्याच भाराला सुमारे पाचपट होते. टेस्ट ज्या मातीवर झाली ती पुरात हजर नसेल, तर तिची साक्ष चालत नाही. उलट काढलेला अंक खालच्या थराच्या एसपीटीप्रमाणे बदलून वापरावा लागतो.

तिसरी, गट. तीन व्यास अंतराच्या ओळींत पुढची ओळ जास्त भार घेते आणि मागच्या तिच्या सावलीत राहतात. अमेरिकेच्या आश्टो मानकात या अंतरासाठी मातीचा प्रतिकार पहिल्या ओळीला ०.८, दुसरीला ०.४ आणि पुढच्यांना ०.३ ने गुणतात. एका पाइलचा आकडा गुणिले पाइलांची संख्या, हा गुणाकार त्यामुळे फसवतो.

भूकंपात द्रवीभूत होणाऱ्या वाळूबद्दल ही टेस्ट काहीच सांगत नाही. जपानमधल्या निगाता शहरात १९६४ च्या भूकंपात शोवा पुलाच्या स्टील पाइल वाकल्या आणि स्पॅन नदीत पडले. तिथल्या वाळूने भूकंपाआधी शांतपणे केलेल्या लॅटरल टेस्टला चांगलाच आकडा दिला असता.

अहवालात काय हवे

रीडिंगचा पूर्ण तक्ता, दोन्ही पाइलांचे वेगळे आलेख, जॅक आणि गेजची सर्टिफिकेटे हे सगळे देतातच. जे राहून जाते ते असे: जॅकची कट-ऑफपासूनची उंची, खड्ड्याचे माप आणि पुढच्या मातीची पातळी, पाण्याची पातळी सुरुवातीला आणि शेवटी, भार न लावता घेतलेली रीडिंग, लायनर होता की नाही, आणि जवळच्या बोअरहोलचे वरचे दहा मीटर. सरासरी काढून दोन पाइलांचा एक आकडा देऊ नका. दोघींत मोठा फरक असेल तर तो फरकच बातमी आहे.

गेज काढण्यापूर्वी खड्ड्यात टेप ताणून एक फोटो घ्या, ज्यात पाइल, जॅक, बार आणि पाण्याची रेघ एकत्र दिसेल. मग खड्डा बुजवा. कामाची पाइल असेल तर पाइलभोवतीची माती थराथराने ठोकून, कारण मागे पडलेली फट तशीच राहिली तर ती उद्या पुलाच्या वाट्याला येते.